ऊसतोडीच्या हंगामात एआरटीची (एचआयव्हीवरील उपचारांची) गोळी सुटू नये म्हणून टोळी निघण्यापूर्वी काय करावे?

प्रश्न – समुदाय आरोग्य अधिकारी, बीड जिल्हा

सर्वांना नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. आमच्या गावांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही सांगली-कोल्हापूरकडे जातात, काही थेट बेळगाव भागातील कारखान्यांवर, आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावर (हंगाम संपल्यावर) गावी परततात. या टोळ्यांबरोबर जाणाऱ्या एका ताईंविषयी मला विचारायचे आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय पस्तिशीच्या आतले. पतीच्या आजारपणात दोघांचीही तपासणी झाली आणि दोघांनाही एचआयव्हीची बाधा असल्याचे निष्पन्न झाले. पती वारले. आता त्या भावाबरोबर कोयता धरून उसाच्या फडावर जातात. उपचार जिल्ह्यातील शासकीय एआरटी केंद्रातून सुरू आहेत, रोज टीएलडीची (तीन औषधांची एकत्रित) एक गोळी. गावात असतात तोवर त्यांचे सगळे व्यवस्थित चालते. पावसाळ्यात केलेल्या तपासणीत व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) अगदी दबलेला आढळतो. हंगामात मात्र गोळी सुटते. गेल्या उन्हाळ्यात त्या परत आल्या तेव्हा वजन उतरलेले होते, अंगात बारीक ताप होता आणि व्हायरल लोड हजारांत गेलेला होता. केंद्राने उपचार पुन्हा सुरू केले, समुपदेशनही झाले, आणि दोन-तीन महिन्यांत प्रकृती सुधारली. आता पुन्हा टोळी निघण्याचे दिवस जवळ येत आहेत.

कारण विचारले की त्या मोकळेपणाने बोलतात. सोबत नेलेल्या गोळ्या हंगामाच्या मध्यावर संपतात. केंद्र गाठायचे म्हणजे एक दिवस काम बुडते आणि खाडा पडतो. उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) भावाच्या नावावर आहे, त्यामुळे खाड्याचा भुर्दंड त्याच्या माथी बसतो. कोपी (राहायची झोपडी) एकच असते, तीत भाऊ, भावजय आणि मुले राहतात. आजाराविषयी घरात फक्त आईला माहीत आहे. फोनही भावाचाच आहे, म्हणून केंद्राला त्यांनी मुद्दाम चुकीचा क्रमांक दिला आहे.

निघण्यापूर्वी टोळीतील सर्व महिलांची मी रक्ततपासणी करते. बहुतेकींचे हिमोग्लोबिन कमी असते, त्यामुळे लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देऊन पाठवते. या ताईंनाही त्या देणार आहे.

त्यांच्याशी या वेळी कसे बोलावे, सहा महिन्यांच्या औषधाची सोय कशी लावावी आणि भावाला विश्वासात घेण्याविषयी काय करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर – समुपदेशक, शासकीय एआरटी केंद्र, मराठवाडा

ताई, आपण दिलेल्या माहितीतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे गावात असताना त्या नियमित गोळी घेतात. गोळीचे महत्त्व त्यांना पटलेले आहे. तेव्हा ‘औषध सोडले तर काय होईल’ हे भाषण त्यांना पुन्हा ऐकवू नका. ते त्यांनी केंद्रावर पुष्कळ वेळा ऐकले आहे आणि त्याचे परिणाम अंगावर काढलेही आहेत. अडचण फडावरच्या दिवसाची आहे. म्हणून बोलणे त्या दिवसापासून सुरू करा.

आमच्या केंद्रांवर ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ असे विचारण्याची सवय आहे आणि त्याचे ‘हो’ हे उत्तर ठरलेले असते. रागावण्याच्या भीतीने काही रुग्ण उरलेल्या गोळ्या वाटेतच फेकून देतात आणि मोजणी बरोबर येईल अशी बाटली घेऊन येतात. मोजणीवर शंभर टक्के अनुपालन (ठरल्याप्रमाणे औषध घेणे) दिसते आणि व्हायरल लोड वेगळेच सांगतो. त्याऐवजी ‘कामाच्या गडबडीत गोळी राहून जाणे सगळ्यांचेच होते, गेल्या महिन्यात अशा किती राहिल्या असतील?’ असे विचारले तर माणूस खरा आकडा सांगतो. कागदोपत्री हिशेब असा असतो की महिन्याच्या तीस गोळ्यांपैकी जास्तीत जास्त एक चुकली तर अनुपालन पंच्याण्णव टक्क्यांच्या वर धरले जाते. हा आकडा त्यांना सांगण्यापेक्षा कोणत्या दिवशी गोळी राहिली आणि त्या दिवशी काय चालले होते, हे त्यांच्याकडून ऐकणे अधिक उपयोगाचे आहे.

फडावरचा दिवस त्यांच्या तोंडून सविस्तर ऐका. आमच्या केंद्रावर येणाऱ्या महिला सांगतात त्यानुसार पहाटे अंधारातच चूल पेटते, भाकऱ्या थापून फडक्यात बांधल्या जातात आणि उजाडण्यापूर्वी फड गाठला जातो. दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणे आणि मग गाडी येईल तेव्हा ती भरणे. गाडी संध्याकाळी येईल की मध्यरात्री, याचा नेम नसतो. अशा बाईंना ‘रोज रात्री नऊ वाजता गोळी घ्या’ असे सांगण्यात अर्थ नाही, कारण रात्री नऊ वाजता त्या कोपीत असतील की मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर, हे त्यांनाही आधी ठाऊक नसते. पूर्वी एफाविरेन्झ असलेली गोळी चक्कर आणि विचित्र स्वप्ने यांमुळे रात्री झोपताना घ्यावी लागे आणि तीच वेळ अनेकांच्या डोक्यात पक्की बसली आहे. टीएलडीला ते बंधन नाही. ती सकाळी चालते, संध्याकाळी चालते, जेवणाआधी चालते, जेवणानंतरही चालते. काहींना या गोळीने झोप कमी लागते, त्यांना तर सकाळच बरी. तेव्हा घड्याळ बाजूला ठेवा आणि त्यांच्या दिवसातील रोज न चुकता होणारे एक काम निवडा. शेवटची भाकरी तव्यावरून उतरली की गोळी, असे ठरले तर पहाटेच्या त्या वेळी बाकीची मंडळी बहुधा झोपलेली असतात, हाही एक फायदा. मात्र हे काम त्यांनीच निवडलेले असावे.

आता औषधाचा साठा. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला केंद्र एका वेळी दोन ते तीन महिन्यांचे औषध देऊ शकते. हंगाम पाच-सहा महिन्यांचा आहे, म्हणजे मध्ये एकदा तरी औषध पोहोचवावे लागणार, हे गृहीत धरूनच नियोजन करा. टोळी निघण्याची तारीख मुकादमाकडून कळते. तिच्या आधी पंधरा-वीस दिवस त्यांना केंद्रावर पाठवा. वैद्यकीय अधिकाऱ्यांना ‘ऊसतोडीला जात आहे’ हे स्पष्ट सांगू द्या आणि व्हायरल लोडची तपासणी देय असेल तर तीही तेव्हाच होऊ द्या. कारखाना कोणता, जवळचे मोठे गाव कोणते, हे समुपदेशकाला सांगितले की त्या भागातील एआरटी केंद्राचा पत्ता मिळतो. प्रवासात असलेला रुग्ण ग्रीन बुक (उपचारांच्या नोंदींचे पुस्तक) दाखवून दुसऱ्या शासकीय केंद्रातून औषध घेऊ शकतो, नाव कायमचे तिकडे वर्ग करण्याची गरज नसते. कोल्हापूरला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात केंद्र आहे, सांगलीत आणि बेळगावातही शासकीय केंद्रे आहेत. आपल्या केंद्राच्या समुपदेशकाने तिकडच्या समुपदेशकाला आधी फोन केला तर बाई तिथे अनोळखी म्हणून उभ्या राहत नाहीत. बेळगाव भागात भाषेची अडचण येते असे वाटेल, परंतु सीमाभागात मराठी समजणारे कोणी ना कोणी भेटते.

जायचा दिवसही आधीच ठरवा. टोळीला बाजारासाठी खर्ची मिळते, त्या दिवशी कोणी ना कोणी गावात जातेच. बाजाराच्या निमित्ताने केंद्र गाठता आले तर खाडा टळतो. तिकडचे केंद्र बाजाराच्या गावी नसून जिल्ह्याच्या ठिकाणी असेल तर मात्र दिवस मोडेल. त्या एका दिवसाच्या खाड्याची तजवीज आईने आधी करून ठेवावी का, हे त्या दोघींशी बोला. रक्कम आपल्याला लहान वाटते, पण अनेकदा उपचार नेमके तिथेच अडतात.

दुसरा मार्ग म्हणजे रुग्णाच्या संमतीने आईने आपल्या केंद्रातून औषध घेऊन ते पाठवणे. परंतु पुडके मुकादमाच्या जीपने किंवा गावातल्या कोणाच्या हाती जाणार असेल तर ते वाटेत उघडले जाण्याची शक्यता धरा. मी हा मार्ग अगदी नाइलाज असेल तरच सुचवते.

फोनबाबत असे करा. केंद्राने भावाच्या क्रमांकावर फोन करू नये आणि आईच्या क्रमांकावर करावा, असे समुपदेशकाच्या नोंदीत स्पष्ट लिहून घ्या. चुकीचा क्रमांक बदलून घ्या. केंद्राकडून फोन आला तर समोरच्याने कोणत्या नावाने बोलावे, हेही त्यांच्या इच्छेप्रमाणे ठरवता येते.

उत्तर – आरोग्य सेवक, पश्चिम महाराष्ट्र

नमस्कार मॅडम. वरील सूचना योग्य आहेत, तरी प्रत्यक्षात बाई एकट्याने परजिल्ह्यातील रुग्णालय शोधत जातील असे मला वाटत नाही. आमच्या भागात कारखाना तळावर शेकडो कोप्या पडतात आणि तिथल्या माणसांना आम्ही जवळून पाहतो. क्षयरोगाच्या रुग्णांना जसे देखरेखीखाली औषध देतात, तसे या बाईंच्या भावाला किंवा निदान मुकादमाला विश्वासात घेऊन गोळ्या त्यांच्याकडे ठेवाव्यात आणि रोज समोर घ्यायला लावाव्यात. मुकादमाला आपली माणसे धडधाकट हवीच असतात. आजार लपवून ठेवण्यातच निम्मे नुकसान होते, असे माझे मत आहे.

उत्तर – एआरटी केंद्रातील केअर कोऑर्डिनेटर

दादा, आपला हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही, परंतु मुकादमाला सांगण्याचा मार्ग कृपया कोणीही अवलंबू नये. मी स्वतः एचआयव्हीसह जगते आणि आमच्यासारख्यांशी बोलण्याचेच काम केंद्रावर करते, म्हणून हे ठामपणे लिहीत आहे.

पहिली गोष्ट कायद्याची. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार कोणाही व्यक्तीची एचआयव्हीविषयक माहिती तिच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही, आणि आरोग्य कर्मचाऱ्यावर तर ही जबाबदारी अधिकच आहे. मुकादम हा त्या बाईंच्या कामाचा, पैशांचा आणि निवाऱ्याचा मालक असल्यासारखा असतो. त्याच्या हाती ही माहिती गेली की पुढच्या वर्षी त्या कोयत्याला (तोडणी करणाऱ्या जोडीला) उचल मिळेल की नाही, हे तो ठरवणार. तळावर एका कोपीतली गोष्ट दुसऱ्या कोपीत जायला संध्याकाळही लागत नाही.

दुसरी गोष्ट देखरेखीची. क्षयरोगाचे औषध ठरावीक महिन्यांनी संपते, आमचे आयुष्यभराचे आहे. दुसऱ्याच्या हातातून गोळी घेण्याची सवय लागली की तो माणूस नसेल त्या दिवशी गोळीही नसते. शिवाय पहारा बसला की माणूस लपवायला शिकतो. मला ज्यांनी खरी मदत केली त्यांनी माझ्या गोळ्या कधी मोजल्या नाहीत. त्यांनी मला विचारले की गोळी घेताना कोण समोर असते, आणि मग तो प्रश्न आम्ही मिळून सोडवला.

भावाविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. सांगायचे की नाही, हे ठरवणे सर्वस्वी ताईंच्या हातात आहे. परंतु घरातील एका माणसाला माहीत असणे आणि कोणालाच माहीत नसणे, यात फार अंतर आहे. आई गावी राहते, फडावर त्या एकट्या पडतात. तेव्हा ‘सोबत राहणाऱ्यांपैकी कोणाला सांगावेसे वाटते का, भावाला की भावजयीला?’ असे विचारून पाहावे. पुष्कळदा बाईमाणसाला भावापेक्षा भावजय जवळची वाटते. त्यांनी होकार दिला तर आईच्या उपस्थितीत, केंद्रावर, समुपदेशकासमोर सांगावे. म्हणजे ‘एका ताटात जेवले तर होईल का, मुलांना होईल का’ या प्रश्नांची उत्तरे तिथल्या तिथे मिळतात आणि घरी गेल्यावर भीतीचे रूपांतर वेगळ्या भांड्यांत होत नाही. नियमित उपचारांनी व्हायरल लोड सापडेनासा झाला की शरीरसंबंधातूनही विषाणू पुढे जात नाही, हे ऐकल्यावर घरातल्यांचे चेहरे बदलताना मी पाहिले आहेत.

आता लपवण्याविषयी, कारण हंगामभर ते करावेच लागणार आहे आणि त्याची तयारी केली नाही तर गोळी सुटते. तीस गोळ्यांची बाटली पिशवीत खुळखुळते. त्या आवाजाने कोपीतले पोरही विचारते की आत काय आहे. बाटलीत वरून स्वच्छ कोरडा कापूस दाबून भरला की आवाज बंद होतो. बाटलीवरचे लेबल काढून टाकायला हरकत नाही, पण गोळ्या बाटलीतून काढून सगळ्याच्या सगळ्या कागदात किंवा कॅरीबॅगेत बांधू नयेत, कारण बाटलीतली छोटी पुडी ओल शोषून घेते आणि गोळी टिकवते. ती पुडी फेकायची नाही, खायची तर नाहीच. फार तर दोन-चार दिवसांच्या गोळ्या लहान डबीत घालून कमरेच्या पिशवीत ठेवाव्यात, म्हणजे गाडी भरताना उशीर झाला तरी गोळी जवळ असते. बाटली चुलीजवळ किंवा तापणाऱ्या पत्र्याखाली ठेवू नये, कपड्यांच्या बोचक्यात मधोमध ठेवावी.

आणि कोणी विचारलेच तर काय सांगायचे, तेही आधी ठरवून जावे. ‘रक्तवाढीची गोळी आहे’ असे सांगू नये, कारण रक्त कमी नसलेली बाई तळावर सापडणार नाही आणि दुसऱ्याच दिवशी शेजारची ‘मलाही एक दे’ म्हणून हात पुढे करील. थायरॉईडची किंवा बीपीची गोळी म्हटले तर कोणी मागत नाही. खोटे बोलायला शिकवते आहे असे कोणाला वाटेल, परंतु स्वतःच्या शरीराविषयी कोणाला काय सांगायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्या बाईंचा आहे.

आमच्या पिढीतल्या अनेकांना उपचारांसाठी सीडी-४ (रोगप्रतिकारक पेशींची संख्या) खाली येण्याची वाट पाहावी लागली. शासनाची मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून निवडक रुग्णालयांत सुरू झाली, तेव्हा गावाकडची माणसे रात्रभर प्रवास करून मुंबईला जे. जे. रुग्णालयात जात. २०१७ पासून सीडी-४ कितीही असला तरी निदान होताच औषध मिळते आणि तेही जिल्ह्यात. मग केवळ फड दूर आहे म्हणून एखादीचे औषध सुटावे, हे मला सहन होत नाही.

उत्तर – वैद्यकीय अधिकारी

समुपदेशक ताईंनी आणि केअर कोऑर्डिनेटर ताईंनी व्यवस्थेची बाजू उत्तम मांडली आहे. मी औषधाविषयी लिहितो. प्रश्नातील एका वाक्याकडे सर्वांनीच लक्ष द्यावे असे मला वाटते, ते म्हणजे लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचे.

टीएलडी म्हणजे टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम यांची एकत्रित गोळी. यातील डोल्युटेग्राविर पोटात लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांना चिकटते आणि मग त्याचा मोठा भाग रक्तात न जाता तसाच बाहेर पडतो. म्हणजे बाईंनी रोज न चुकता गोळी घेतली, पण रिकाम्या पोटी, लोहाच्या गोळीबरोबर, तर शरीराला औषध कमी मिळेल आणि व्हायरल लोड वाढल्यावर दोष मात्र त्यांच्या नियमितपणाला दिला जाईल. उपाय सोपा आहे. लोह किंवा कॅल्शियम टीएलडीबरोबरच घ्यायचे असेल तर दोन्ही जेवणासोबत घ्यावे. वेगवेगळे घ्यायचे असेल तर टीएलडी आधी घ्यावी आणि लोह-कॅल्शियम किमान दोन तासांनंतर, किंवा ते आधी घेतले असेल तर टीएलडी सहा तासांनंतर. या ताई पहाटे टीएलडी घेणार असतील तर लोहाची गोळी दुपारच्या भाकरीबरोबर, इतके सांगितले की पुरे. आम्लपित्तावरच्या ज्या गोळ्या आणि पातळ औषधे आपण सर्रास देतो, त्यांत मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम असते. ती मात्र जेवणासोबतही टीएलडीबरोबर चालत नाहीत, तिथे दोन आणि सहा तासांचे अंतर पाळावेच लागते. फडावर तिखट-कोरडे खाणे आणि उपाशी राबणे यांमुळे पित्ताचे औषध मागणाऱ्या महिला पुष्कळ असतात, हे लक्षात असू द्यावे. कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर निदान ‘माझी एक रोजची गोळी चालू आहे, पित्ताचे औषध मी तिच्याबरोबर घेत नाही’ एवढे बोलायला त्यांना शिकवा. क्षयरोगाचे निदान झाले आणि रिफाम्पिसिन सुरू करावे लागले तर डोल्युटेग्राविरची आणखी एक ५० मिलिग्रॅमची गोळी बारा तासांच्या अंतराने द्यावी लागते. ते काम केंद्राचे आहे, पण केंद्राला कळवणे आपले.

गोळी चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ अगदी तोंडावर आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी आणि दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. एवढी स्पष्ट सूचना नसली की एक दिवस चुकल्यावर माणूस ‘आता काय उपयोग’ म्हणून आठवडाभर घेत नाही.

गोळ्या संपत आल्यावर काही जण दिवसाआड घेऊन त्या पुरवतात. नवरा-बायको दोघेही उपचारांवर असतील तर एकाच्या बाटलीत दोघे भागवतात. हे त्यांना काटकसरीचे वाटते, परंतु त्यामुळे रक्तातील औषधाची पातळी वारंवार खाली जाते, विषाणू अर्धवट औषधाच्या सान्निध्यात वाढतो आणि औषधाला दाद न देणारे विषाणू तयार होण्यास वाव मिळतो. डोल्युटेग्राविर या बाबतीत जुन्या औषधांपेक्षा बरेच खंबीर आहे. मधल्या खंडानंतरही या ताईंचा व्हायरल लोड पुन्हा दबला, यात त्याचा वाटा असावा. पण त्या भरवशावर दरवर्षी खंड पडू देणे योग्य नाही. औषध पूर्ण बंद झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत विषाणू रक्तात पुन्हा वाढू लागतो, माणसाला काहीच जाणवत नसते तेव्हाच. हिपॅटायटिस बीची बाधा सोबत असेल तर टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन अचानक थांबल्याने यकृताला सूजही येऊ शकते.

मनातल्या काही समजुती विचारून घ्याव्यात. उपवासाच्या दिवशी गोळी बंद ठेवणाऱ्या महिला नवरात्रात हमखास भेटतात. त्यांना घोटभर पाण्याबरोबर गोळी चालते हे सांगावे. पुरुष रुग्णांमध्ये ‘दारू घेतली त्या दिवशी गोळी घेऊ नये’ ही समजूत घट्ट आहे. दारूने नुकसान होतेच, परंतु त्या दिवशीची गोळी सोडल्याने दुसरे नुकसान होते. दारू सुटेपर्यंत गोळी थांबवायची नाही.

शेवटी, खंड पडलाच तर काय करावे हेही त्यांना आताच सांगून ठेवा. परत आल्यावर केंद्रावर रागावतील या भीतीने रुग्ण आणखी महिना-दोन महिने येत नाहीत. हातात गोळ्या असतील तर त्याच दिवसापासून पुन्हा सुरू कराव्यात आणि शक्य तितक्या लवकर केंद्रावर यावे. ताप, खोकला, वजन घटणे, रात्री घाम येणे किंवा सतत डोकेदुखी असेल तर आधी तपासणी करून घ्यावी, कारण क्षयरोग किंवा मेंदूच्या आवरणाचा संसर्ग असताना औषध केव्हा सुरू करायचे, हे डॉक्टरांनी ठरवावे लागते. व्हायरल लोड हजारच्या वर असेल तर तीन महिने नेटाने समुपदेशन करून तपासणी पुन्हा करतात आणि त्यानंतरच औषध बदलण्याचा विचार होतो. त्यामुळे एका वाढलेल्या अहवालावरून ‘आता औषध लागू पडत नाही’ असे कोणी त्यांना सांगू नये.

प्रश्नकर्त्या – समुदाय आरोग्य अधिकारी

सर्वांचे मनापासून आभार. लोहाच्या गोळीविषयीची माहिती टोळीबरोबर जाणाऱ्या सर्व महिलांना एकाच भाषेत सांगणार आहे, ‘दुपारच्या भाकरीबरोबरच घ्यायची’, म्हणजे या ताईंना वेगळे काढून सांगावे लागणार नाही. आज त्या आणि त्यांच्या आई उपकेंद्रात येऊन गेल्या. पहाटेची वेळ त्यांनी स्वतःच निवडली. भावजयीला सांगण्याविषयी त्यांनी विचार करून कळवते असे म्हटले आहे, आणि मी पुन्हा विचारण्याची घाई करणार नाही. खाड्याच्या पैशांचे आईने ‘ते मी बघते’ म्हणून सांगितले.

एक शंका उरली आहे. ग्रीन बुक सोबत न्यायला त्या घाबरतात. बोचके सगळेच उघडतात आणि भाचा आता वाचायला शिकला आहे. पुस्तक आईकडे ठेवले तर तिकडच्या केंद्रात औषध मिळेल का?

उत्तर – समुपदेशक, शासकीय एआरटी केंद्र, मराठवाडा

ताई, पुस्तक सोबत असणे केव्हाही सोयीचे, परंतु ते नेल्याने गोळ्याच सुटणार असतील तर आईकडे राहू द्या. त्याऐवजी एका साध्या चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक आणि आपल्या केंद्राचा फोन क्रमांक लिहून द्या. चिठ्ठीवर आजाराचे, औषधाचे किंवा केंद्राचे नाव लिहू नका. तिकडच्या समुपदेशकाशी आपल्या केंद्राच्या समुपदेशकाने आधीच बोलून ठेवले तर बाई पोहोचल्यावर ते आपल्या केंद्राला फोन करून खात्री करून घेतील. शेवटचे औषध कधी आणि किती दिले, हे केंद्राच्या नोंदीत असते. कारखान्याचे नाव पक्के झाले की आपल्या केंद्राच्या समुपदेशकांना लगेच कळवा, कारण दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात केंद्रांवर खूप गर्दी होते आणि अशा फोनांसाठी निवांत वेळ मिळत नाही. चिठ्ठीची एक प्रत आईकडेही ठेवा, आणि १०९७ हा मोफत हेल्पलाइनचा क्रमांक त्यांच्याकडून तोंडपाठ करून घ्या.